ब्लॉगचें बिऱ्हाड बदलतांना

आपल्या सोलापूर जिल्ह्यास लागून असलेल्या उस्मानाबाद शहराचें नांव इ. स. २०२३ मध्यें अधिकृतपणें धाराशिव असें झालें. शहर जागचें तसूभरहि हललें नाहीं. रस्ते तेच, घरें तींच, माणसेंहि तींच. तथापि जुन्या नकाशांत, दाखल्यांत व पुस्तकांत पूर्वीचेंच नांव छापलेलें असल्यामुळें, हीं दोन नांवें एकाच गांवचीं आहेत ही गोष्ट कोणी तरी जाहीर करावी लागते. तें काम सरकारी राजपत्रानें व वर्तमानपत्रांनीं केलें. परंतु एखाद्या विद्यार्थ्यानें आपल्या ब्लॉगचा इंटरनेटवरील पत्ता बदलला, तर त्याचें राजपत्र कोण काढणार? तें कोणी काढीत नाहीं. आणि म्हणूनच लेखन जसेंच्या तसें शाबूत असूनहि शोधणारांस तें सांपडेनासें होतें. असें कां घडतें, व हरवलेले वाचक परत कसे आणावे, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

ज्या पालकांस ‘ब्लॉग’ ही वस्तु अपरिचित असेल त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, कोणासहि उघडून वाचतां येईल अशी ती इंटरनेटवरील वही होय. ‘ब्लॉगर’ नांवाची सेवा इ. स. १९९९ मध्यें सुरू झाली. २००३ मध्यें ती गूगल कंपनीनें विकत घेतली. तिच्या ‘ब्लॉगस्पॉट’ या पत्त्यावर विनामूल्य जागा मिळत असल्यामुळें पुष्कळ मराठी लेखकांनीं आपलें लेखन प्रथम तेथेंच प्रसिद्ध केलें. संपादक नाहीं, प्रकाशक नाहीं, छपाईचा खर्च नाहीं. जिल्ह्याच्या गांवीं राहणाऱ्या मनुष्यास लिहिलेलें लोकांपुढें ठेवण्याचें याहून सोयीचें साधन पूर्वीं कधीं मिळालें नव्हतें.

समजा, आठव्या इयत्तेंतील एका मुलीनें सोलापूरविषयीं असा एक ब्लॉग सुरू केला. सोलापुरांत १९१० सालीं जन्मलेले व चिनी सैनिकांची शुश्रूषा करितां करितां १९४२ सालीं तिकडेच निवर्तलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर तिनें पहिला लेख लिहिला. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या आपल्या चार हुतात्म्यांवर दुसरा लिहिला. तिसरा लिहिला तो सोलापुरी चादरीवर. त्यासाठीं मागावर जन्म घालविलेल्या आपल्या आजोबांना विचारून तिनें त्या कामांतले बारीकसारीक शब्द टिपून घेतले. माझ्या मतें हा तिसरा लेखच सर्वांत मोलाचा. कोटणीसांची माहिती दुसरीकडेहि मिळेल. आजोबांची मिळणार नाहीं. तीन वर्षांत ते लेख लोकांच्या नजरेस आले, कोणीं आपल्या ब्लॉगवर त्यांचा उल्लेख केला, कोणीं मित्रांस पाठविले. आतां मुलगी मोठी झाली. आठवींत असतांना हौसेनें घेतलेलें पोरकट नांव तिला लाजिरवाणें वाटूं लागलें, म्हणून तिनें तें बदलून भारदस्त नांव घेतलें. एका अक्षराचाहि फेर न करितां सर्व लेख नव्या पत्त्यावर गेले. परंतु गूगलमध्यें ‘सोलापुरी चादर’ हे शब्द घालून पाहिले असतां जो लेख पहिल्या पानावर दिसत असे, तो थोड्याच दिवसांत दिसेनासा झाला.

येथें शोधयंत्र, म्हणजे सर्च इंजिन, कसें चालतें तें जाणून घेतलें पाहिजे. आपण प्रश्न विचारल्यानंतर तें जग धुंडाळावयास निघत नाहीं. त्याचे यांत्रिक हेर रात्रंदिवस एका पानावरील दुव्यावरून, म्हणजे लिंकवरून, दुसऱ्या पानावर जात असतात, आणि जें दिसेल त्याची नोंद एका प्रचंड सूचींत करीत असतात. आपण विचारतों तेव्हां तें यंत्र ही सूची चाळून उत्तर देतें. पुस्तकाच्या शेवटीं जी शब्दसूची असते तींत शब्दापुढें पृष्ठांक असतो. या सूचींत शब्दापुढें पत्ता असतो. पत्ता बदलला कीं सारे पृष्ठांक चुकले. हेर जुन्या पत्त्यावर येतो तेव्हां तेथून त्याला ‘४०४’ हा आंकडा मिळतो. ‘असें पान येथें नाहीं’ हा त्याचा अर्थ. तो लगेच निराश होत नाहीं, आणखी कांहीं वेळां येऊन पाहतो. पण दर वेळीं तेंच उत्तर मिळालें म्हणजे अखेर तें पान सूचींतून खोडलें जातें.

नवीन पत्ता त्या हेरास आज ना उद्यां सांपडेल, मग एवढी चिंता कशाला, असें कोणी म्हणेल. सांपडेल हें खरें. परंतु सूचींत असणें निराळें, आणि सूचींत वर असणें निराळें. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं १९९८ सालीं गूगल कंपनी स्थापिली, तिच्या मुळाशीं एक साधा विचार होता: एका पानानें दुसऱ्या पानाकडे बोट दाखविलें तर ती एक शिफारस समजावी, आणि शिफारस करणारा जितका प्रतिष्ठित तितकें त्या शिफारशीचें वजन अधिक धरावें. पुढें गूगल इतर अनेक गोष्टी पारखूं लागलें, तरी दुव्यांचें महत्त्व सरलें नाहीं. आतां आपल्या मुलीच्या लेखास तीन वर्षांत जीं शिफारसपत्रें मिळालीं तीं कोणत्या नांवानें होतीं? जुन्या पत्त्याच्या. नव्या पत्त्याची पिशवी रिकामी आहे. लेखाची प्रतिष्ठा लेखाच्या अंगीं नसून पत्त्याच्या खात्यावर जमा असते. दिसेनासें होण्याचें सारें कारण येथें आहे, आणि उपायहि येथूनच निघतो. जुनें खातें बंद न करितां तें नव्याकडे वळतें करून द्यावयाचें.

याच विषयांत आपल्या देशांत घडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एखादा मजकूर एका देशाच्या कायद्याप्रमाणें काढावा लागला तर तो त्या देशापुरताच काढतां यावा, या हेतूनें गूगलनें २०१२ सालीं ब्लॉगरच्या पत्त्यांस देशवार शेपट्या लाविल्या. त्यामुळें हिंदुस्थानांतून ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ उघडणारा वाचक आपोआप ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ या पत्त्यावर नेला जाऊं लागला. वाचकास समोर जो पत्ता दिसे तोच तो उतरवून घेई, मित्रास पाठवी, आपल्या लेखांत देई. अशा रीतीनें मराठी ब्लॉगांचे ‘इन’चे दुवे सर्वत्र पसरले. २०१८ च्या मे महिन्यांत ही देशवार वाटणी बंद झाली व ‘इन’वर येणारे लोक परत ‘कॉम’कडे पाठविले जाऊं लागले. तोंवर कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. पुढें २०२० मध्यें ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ या नांवाची मुदत संपली, तें गूगलच्या हातून निसटलें, भलत्याच पक्षानें तें विकत घेतलें व विक्रीस मांडलें. जुलैमध्यें ही बातमी वर्तमानपत्रांत आली. लेखकांनीं आपलें नांव बदललें नव्हतें, घर सोडलें नव्हतें. तरी त्यांच्या दाराकडे येणाऱ्या अर्ध्या वाटा एकाएकीं परक्याच्या अंगणांत जाऊं लागल्या. जगांतील सर्वांत मोठ्या शोधयंत्राच्या मालकाकडूनच हें व्हावें यांत विनोद आहे खरा, पण ज्यांचे दुवे तुटले त्यांस हसूं आलें नसेल. ज्यांच्या जुन्या वहींत असे ‘इन’चे पत्ते असतील त्यांनीं ‘इन’च्या जागीं ‘कॉम’ घालून पाहावें. मूळ लेख पुष्कळदां तेथें सुखरूप असतो.

आतां उपायाकडे वळूं. बिऱ्हाड बदलल्यावर टपालखात्यास अर्ज देऊन जुन्या पत्त्यावरचीं पत्रें नव्या पत्त्यावर मागवून घेण्याची सोय आपल्या वाडवडिलांसहि ठाऊक होती. इंटरनेटवर हेंच काम ‘३०१’ हा आंकडा करितो. जुन्या पत्त्यावर कोणी आलें असतां तेथील यंत्रानें ‘४०४’ न म्हणतां ‘३०१’ म्हणावें व सोबत नवा पत्ता द्यावा. त्याचा अर्थ, ‘हें पान कायमचें अमुक ठिकाणीं गेलें आहे.’ वाचक तर न कळत तेथें पोंचतोच, पण शोधयंत्रहि जुन्या खात्यावरील शिफारसी नव्या खात्यावर चढवितें. याचा एक सख्खा भाऊ आहे, ‘३०२’. त्याचा अर्थ ‘तात्पुरतें गेलें आहे’. जो परत येणार आहे त्याची नोंद जुन्याच नांवानें ठेवावी हें ओघानेंच आलें. म्हणून कायमच्या स्थलांतरास ३०२ लावूं नये.

या वळणांत एक पथ्य असें आहे कीं, प्रत्येक जुन्या पानाची वाट त्याच्याच नव्या पानाकडे गेली पाहिजे. चादरीवरचा लेख शोधीत आलेल्यास ब्लॉगच्या पहिल्या पानावर नेऊन सोडलें, तर चाटी गल्लींतील दुकान विचारणारास स्टेशनवर उतरवून देण्यासारखें होतें. शोधयंत्रहि असें सरसकट वळण मान्य करीत नाहीं. तें पान नाहींसेंच झालें असें तें समजतें. यासाठीं स्थलांतरापूर्वीं दोन रकान्यांची यादी करावी: डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा.

मराठी लेखकांस ही यादी करणें इतरांपेक्षां कठीण जातें, आणि त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. ब्लॉगर सेवा लेखाच्या मथळ्यावरून पत्ता तयार करिते, परंतु त्यासाठीं ती केवळ रोमन अक्षरें घेते. मथळा शुद्ध देवनागरींत असला कीं तिच्या हातीं कांहींच लागत नाहीं, व ती त्या लेखास नुसतें ‘ब्लॉग-पोस्ट’ असें नांव देते. त्याच महिन्यांतील पुढच्या लेखास तेंच नांव व पुढें एक आंकडा. कोटणीसहि ब्लॉग-पोस्ट, हुतात्मेहि ब्लॉग-पोस्ट, चादरहि ब्लॉग-पोस्ट! पत्ता पाहून लेख ओळखतां येत नाहीं, प्रत्येक पान उघडून पाहावें लागतें. उलट वर्डप्रेस या दुसऱ्या प्रसिद्ध सेवेंत देवनागरी मथळा पत्त्यांत घेतला जातो. पण यंत्राच्या भाषेंत एकेका देवनागरी चिन्हास नऊ नऊ चिन्हें लागतात, आणि सर्व मिळून दोनशेंची मर्यादा असल्यामुळें लांब मथळा सुमारें बावीस चिन्हांनंतर मध्येंच तोडला जातो. काना, मात्रा, वेलांटी हींहि त्यांत मोजलीं जातात. म्हणून माझा सल्ला असा कीं, लेख प्रसिद्ध करण्यापूर्वींच त्याच्या पत्त्यासाठीं रोमन अक्षरांत दोनतीन शब्द आपल्या हातानें लिहावे. दोन्ही सेवांत तशी सोय आहे.

बिऱ्हाड बदलण्याचे प्रकार सामान्यतः तीन. पहिला आपल्या मुलीनें केला तो: ब्लॉगस्पॉटवरच राहून पुढचें नांव बदलणें. दिसावयास हा सर्वांत सोपा, परंतु परिणामीं सर्वांत घातक. कारण येथें जुन्या नांवावरून नव्याकडे वाट वळवून देण्याची सोय ब्लॉगर ठेवीत नाहीं. शिवाय जुनें नांव मोकळें होतें व दुसऱ्या कोणासहि घेतां येतें. पालकांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें. मुलीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पत्त्यावर उद्यां कोण काय मांडील याचा नेम नाहीं. बदल होऊन थोडेच दिवस झाले असतील व जुनें नांव अद्याप कोणीं घेतलें नसेल, तर निमूटपणें परत जुन्या नांवावर जावें. मथळ्याची पाटी बदलतां येते, पत्ता तोच राहूं द्यावा. परत जावयाचें नसेल तर जुन्या नांवानें एक नवा छोटा ब्लॉग तत्काळ उघडून त्यावर ‘स्थलांतराची सूचना’ लावावी, व प्रत्येक लेखाचें नांव आणि त्याचा नवा दुवा तेथें द्यावा. ही खऱ्या ‘३०१’ची बरोबरी करणार नाहीं, पण वाचकास वाट सांपडेल आणि दारावर आपलेंच कुलूप राहील.

दुसरा प्रकार स्वतःच्या मालकीचें नांव, म्हणजे डोमेन, घेऊन तें ब्लॉगर सेवेस जोडण्याचा. यांत जुन्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर येणाऱ्यास ब्लॉगर स्वतःच नव्या नांवाकडे पाठवितें आणि लेखांचे उरलेले पत्ते जसेच्या तसे राहतात. प्रतिवर्षीं थोडी फी भरावी लागते एवढेंच. ती भरण्याचें विसरल्यास काय होतें तें वर ‘इन’च्या गोष्टींत आलेंच आहे. तिसरा प्रकार सेवाच बदलण्याचा, उदाहरणार्थ ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर जाण्याचा. ज्यास केव्हां तरी हें करावयाचें असेल त्यानें आधीं दुसरा प्रकार करून सर्व स्थिर होऊं द्यावें, आणि मग तें नांव घेऊन नव्या सेवेंत जावें. म्हणजे जगास दिसणारा पत्ता दुसऱ्यांदां बदलत नाहीं. एका वळणापुढें दुसरें, दुसऱ्यापुढें तिसरें अशी वळणांची साखळी होऊं देऊं नये. कांहीं कारणानें एकच लेख दोन ठिकाणीं ठेवणें भाग पडलें, तर ‘मूळ प्रत अमुक ठिकाणीं आहे’ असें यंत्रास सांगणारी एक खूण पानांत घालतां येते. तिला ‘कॅनॉनिकल’ म्हणतात. गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं २००९ सालीं ती एकमतानें मान्य केली.

वाटा वळवून झाल्यावर शोधयंत्रास वर्दी द्यावी. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सेवेंत जुना व नवा असे दोन्ही पत्ते आपल्या मालकीचे असल्याचें सिद्ध करावें. जेथें पूर्ण नांवच बदललें असून ३०१ लागलें आहे, तेथें ‘चेंज ऑफ अॅड्रेस’ हा अर्ज भरतां येतो. त्याचबरोबर नव्या पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, सादर करावी. जुनें वळण निदान एक वर्ष चालू ठेवावें असें गूगल सांगतें. मी म्हणेन, ठेवतां येईल तोंवर ठेवावें. मग आपल्याच लेखांतून एकमेकांकडे जाणारे दुवे तपासून नवे करावे. पुष्कळ लोक जगाचे दुवे सुधारीत बसतात आणि घरांतले विसरतात. ज्यांनीं आपल्या लेखाचा उल्लेख केला असेल त्यांस सौजन्यपूर्वक पत्र लिहून दुवा बदलण्याची विनंति करावी. मराठी विकिपीडियावर संदर्भ म्हणून आपला लेख दिला असल्यास तोहि दुरुस्त करून घ्यावा.

एवढें करूनहि ब्लॉग मुळींच दिसत नसेल तर प्रथम एक क्षुल्लक गोष्ट पाहावी. ब्लॉगर व वर्डप्रेस या दोहोंतहि ‘शोधयंत्रास हा ब्लॉग दाखवावा कीं नाहीं’ अशी एक कळ असते. नवें घर लावीत असतांना ती बंद केलेली असते व काम झाल्यावर उघडावयाची राहून जाते! कोणतीं पानें सूचींत आलीं तें पाहण्यासाठीं गूगलमध्यें ‘साइट’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहून, पुढें विसर्गासारखें चिन्ह देऊन, त्याला लागूनच आपला पत्ता लिहावा.

यानंतर वाट पाहावयाची. बेताच्या आकाराच्या स्थळाचीं बहुतेक पानें सरकण्यास कांहीं आठवडे लागतात, आणि तोंवर क्रमांक वरखालीं होत राहतो. त्या काळांत घाबरून लेखांचे मथळे, मांडणी, मजकूर बदलूं नये. यंत्र जुन्या व नव्या पानाची ओळख पटवीत असतांना चेहराच बदलला तर ओळख पटावी कशी? याच काळांत ‘आठ दिवसांत पहिला नंबर’ अशा जाहिराती करणारे लोक गांठतात. मूळ निकालांतील क्रमांक गूगल पैसे घेऊन विकत नाहीं, आणि पैसे देऊन मिळविलेल्या खोट्या शिफारसी उघडकीस आल्या म्हणजे असलेला क्रमांकहि जातो. तेव्हां अशांच्या नादीं लागून वडिलांच्या खिशास चाट लावूं नये.

नव्या ब्लॉगवरील परिचयाच्या पानांत ‘या ब्लॉगचें पूर्वीचें नांव अमुक’ असें एक वाक्य अवश्य घालावें. लोक जुनेंच नांव आठवून शोधीत असतात. आपल्याच गांवाचें पाहा ना: इंग्रजी अमदानींतील ग्रंथांत त्याचें स्पेलिंग ‘शोलापूर’ असें केलेलें आढळतें, व जुने कागद चाळणारा अभ्यासक त्याच नांवानें शोध घेतो. नांव बदललें तरी जुन्या नांवानें हांक मारणारे बरेच दिवस उरतात, आणि त्यांस ओ देणारें कोणी तरी असावें लागतें.

आतां राहिले ते, ज्यांचा जुना पत्ता गेला, वळण लावण्याची सोय उरली नाहीं, आणि लेखाची प्रतहि जवळ नाहीं. त्यांनीं ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेचें ‘वेबॅक मशीन’ पाहावें. ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रति सांठवीत आली आहे, आणि २००१ पासून त्या कोणासहि पाहतां येतात. जुना पत्ता अचूक लिहिला, आणि तिच्या हेरानें त्या पानास पूर्वीं भेट दिलेली असली, तर तारीखवार प्रति समोर येतात. आजोबांनीं सांगितलेले मागाचे शब्द तेथें सांपडले तर ते आधीं वहींत उतरवून घ्यावे, आणि मग नव्या पत्त्यावर चढवावे.